आधी पाडस

आई,

मी शिकार करते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे काही लपवल्यासारखं वाटायला नको. सशांची किंवा बदकांची नव्हे, मोठ्या जनावराची. गेल्या ऑक्टोबरात स्वीडनच्या पार उत्तरेला, जिथे दिवसभर गाडी चालवली तरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फक्त झाडं आणि दलदल दिसते, तिथे मी मूस मारला. मूस म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समज. पूर्ण वाढलेला उभा राहिला तर त्याची पाठ माझ्या डोक्याच्या वर जाते. मी मारला तो एवढा नव्हता. ते त्या वर्षीचं पाडस होतं, आणि त्याची आई त्याच्या शेजारी उभी होती. आईला मी मारलं नाही. हे कळल्यावर इथल्या आपल्या लोकांनी मला गणपतीच्या नैवेद्यापासून बाजूला ठेवायचं मनात आणलं आहे. तू असतीस तर कुणाच्या बाजूने बोलली असतीस ते मला कळत नाही, म्हणून तुला लिहिते आहे. माफी मागायला नाही.

आम्ही हॉलंडात, आल्मेरेला राहायला आलो तेव्हा इथलं मराठी मंडळ म्हणजे मोजकी घरं होती. पहिला गणपती एकाच्या बैठकीच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटात बसला होता. बाकीच्या सगळ्या नव्या लग्नाच्या पोरी, उकड म्हटलं की एकमेकींकडे बघायच्या. मी मोदक केले आणि तेव्हापासून ते माझेच झाले. आता नगरपालिकेचं सभागृह भाड्याने घेतात, दारात सायकलींची रांग लागते, आणि मी सकाळपासून तिथल्या स्वयंपाकघरात चार-पाच मुलींना घेऊन बसते. कुणाची पाकळी जाड होते, कुणाचं नाक वाकडं होतं, मी त्यांना चिडवते, त्या मला चिडवतात. इथे जन्मलेली मुलं, ज्यांना मराठी समजतं पण बोलायला लागलं की डच बाहेर येतं, ती मला मोदक-आजी म्हणतात. माझं नाव त्यांना ठाऊक नाही. या देशात मला कुणी काय म्हणतं असं विचारलंस तर हेच. तेवढं माझं इथे आहे.

परवा मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन आला. पुण्याची मुलगी, माझ्या लेकीपेक्षाही लहान. झुइडासच्या, मोठ्या कंपन्यांच्या भागातल्या, एका ऑफिसात काम करते आणि घरी येताना ट्रेनमधून सगळ्यांना फोन करते, कारण तिला तेवढाच वेळ मिळतो. "काकू, पर्सनली मला काहीच प्रॉब्लेम नाही हं," ती म्हणाली. हे वाक्य ऐकलं की मी खुर्ची ओढून बसते. "पण दोघी-तिघींना जरा अनकम्फर्टेबल वाटतंय. नैवेद्याचं आहे ना, म्हणून. तुम्ही यंदा डेकोरेशन घ्याल का?"

"माझ्या हातांना काय झालं?"

मागे स्टेशनची घोषणा ऐकू आली. मग ती हळूच म्हणाली, "काकू, पिल्लू होतं ना ते. आईच्या देखत."

"तुझ्या मुलाच्या वाढदिवसाला बिर्याणी होती. त्यातल्या कोंबड्या काय म्हाताऱ्या होऊन गेल्या होत्या?"

ती हसली. स्वभावाने गोड आहे बिचारी. "अहो काकू, ते वेगळं. ते पॅक्ड असतं." आणि मग मुद्द्यावर आली. "तुम्ही ग्रुपवर नुसतं टाका ना, की आता सोडलंय म्हणून. खरंच सोडायला पाहिजे असं नाही. पुढचं मी बघते. लोक विसरतात हो." चतुर्थी तोंडावर आली आहे. तिला रविवारपर्यंत उत्तर हवं होतं.

तू मटण खात नव्हतीस. माळकरी मामांच्या घरी वाढलीस आणि आबांशी लग्न होऊन कोल्हापुरात अशा घरी पडलीस, की रविवारी रश्श्याचा वास आला नाही तर शेजारी चौकशीला यायचे. तू मागच्या पडवीत वेगळा स्टोव्ह मांडलास. वेगळी पातेली, वेगळी पळी. नाकाला पदर लावून तांबडा करायचीस, पांढरा करायचीस आणि चव न घेता नुसत्या वासावर मीठ घालायचीस. आबा म्हणायचे, "हिच्या हातचं मीठ कवा चुकत न्हाई." मग अंगावर पाणी घेऊन तू आतल्या स्वयंपाकघरात यायचीस आणि स्वतःसाठी भाकरी टाकायचीस.

मी तिसरीत असेन. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी मला एक छोटं चित्र बक्षीस दिलं होतं, येशूच्या खांद्यावर कोकरू असलेलं. ते मी घरभर नाचवलं. कोकराचे डोळे किती गोड, त्याचे पाय किती छोटे, हे तुला तीनतीनदा सांगितलं, आणि मग ताटावर बसून म्हटलं, मला नळी पाहिजे. पुढच्या रविवारी आबांच्या हातातली पिशवी तू घेतलीस, माझा हात धरलास आणि खाटकाच्या दुकानाशी आलीस. तिथे तू कधीच येत नव्हतीस. तू बाहेर रस्त्याकडे तोंड करून उभी राहिलीस आणि मला पुढे ढकललंस. "बघ," म्हणालीस. "खातीस न्हवं? मग बघायचं."

"तू का नाही बघत?"

"मी खात न्हाई."

खाटीक ओळखीचा होता. तो म्हणाला, "वैनी, पोरगी भील."

"भिऊ दे. पर फुकट नगं खायला."

मी बघितलं. मी भ्याले. दुपारी मला जेवायचं नव्हतं, पण तू ताट वाढलंस आणि नळी तूच, तुझ्या हाताने, माझ्या भातावर ठेवलीस. मी खाल्ली. त्याआधीही मी मटण खाल्लं होतं, पण ते कुणाचं तरी खाल्लं होतं. त्या दिवशीचं माझं होतं.

आणि मग मी हे सगळं विसरले, आई. इथे येऊन इतकी वर्षं सुपरमार्केटच्या गार कपाटातून गुलाबी तुकड्यांचे डबे उचलत राहिले. त्यांच्याखाली एक पांढरं मऊ फडकं असतं, रक्त टिपून घ्यायला, म्हणजे तेही दिसू नये. एकदाही बघितलं नाही मी. मला परत बघायला लावलं ते शेजारणीने. सत्तरीची, उंच, नवरा गेलेला, घरात एक म्हातारं कुत्रं. एका थंडीत तिने दार वाजवलं आणि विचारलं, "माझा गुडघा दुखतोय. शेतावर शिकारीला कुत्रं धरायला येशील का?" मी गेले. तिने रानटी हंस पाडला, मी तो आणला. तो अजून गरम होता. हातात घेतल्यावर मला खाटकाच्या दुकानातलं ते दगडी जोतं आठवलं, आणि तुझी पाठ.

पुढच्या वर्षी मी शिकारीच्या परीक्षेला बसले. पहिल्यांदा नापास झाले. नेम बरोबर होता, कायदे चुकले. दुसऱ्यांदा पास झाले तेव्हा शेजारणीने केक आणला आणि तुझे जावई म्हणाले, "संपलं. आता भाजीत मीठ कमी आहे म्हणायची माझी सोय राहिली नाही." बंदुकीचं लोखंडी कपाट घरात बसवलं की पोलीस बघायला येतात. आमच्याकडे जागा होती ती देवघराच्या बाजूलाच. तरुण पोलीस वाकून कपाटाचे स्क्रू तपासत होता, आणि मध्येच गणपतीकडे बघून त्याने विचारलं, "याची किल्ली कुणाकडे?" हे लगेच म्हणाले, "दोन्हीची तिच्याकडेच."

स्वीडनला शेजारणीची जुनी टोळी आहे. बरीच वर्षं ती तिथे जाते. सकाळी सगळे शेकोटीपाशी जमतात, कॉफी उकळते, टोपीत चिठ्ठ्या टाकून कोण कुठे बसायचं ते ठरतं. कुत्रेवाला लांबून जंगलात शिरतो, आणि बाकीच्यांनी आपापल्या जागी मुकाट बसून राहायचं. उठण्याआधी म्होरक्या दरवेळी तेच सांगतो, जरी सगळ्यांना ते पाठ असतं. निवृत्त सुतार आहे तो, बोलणं थोडं. पाडस आणि आई बरोबर आली, तर आधी पाडस. आईला आधी कधीच नाही.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, माझ्याच ऐकण्यात काही चुकलं. शेजारणीला बाजूला घेऊन विचारलं, "उलटं ना?" ती म्हणाली, "नाही. आई मेली तर पाडस मरतंच, फक्त हळूहळू. कमरेइतक्या बर्फात त्याच्यासाठी वाट कोण तुडवणार? झाडाची साल कुठली खायची ते कोण दाखवणार? दोन महिने लागतात त्याला मरायला. त्यापेक्षा आईला राहू दे. ती वसंतात पुन्हा विते." हे ती बूट बांधता बांधता म्हणाली.

त्या क्षणी मला तू दिसलीस, मेथी निवडताना. तू चार वर्षांची असताना तुझी आई गेली. त्यावर तू उभ्या जन्मात एकदाच बोललीस, तेही मी खोदून विचारल्यावर. "मामांच्यात ताट मिळायचं गं," म्हणालीस, "हाक मिळायची न्हाई. ताट दिसलं की जाऊन बसायचं." मग पुष्कळ वेळ मेथी निवडत राहिलीस आणि म्हणालीस, "जातंय ते एकदाच जातंय. मागं ऱ्हातंय ते रोज जातंय." मी तेव्हा दहावीत होते. मला वाटलं तू आजीबद्दल बोलतेस. तू स्वतःबद्दल बोलत होतीस.

माझी चिठ्ठी निघाली ती दलदलीच्या कडेला, एका लाकडी मचाणाची. बर्चची झाडं पिवळी झाली होती, खालचं सगळं गवत तांबूस, वारा नव्हता. मी तिथे बसते आणि काहीच होत नाही. पाय बधिर होतात, नाकाचा शेंडा जातो, एक कावळ्यासारखा पक्षी येऊन बघून जातो. मग लांब कुत्रं भुंकायला लागतं, एका जागी, न थांबता, म्हणजे त्याला जनावर सापडलं आहे. मग भुंकणं हलतं. जवळ येतं. आणि समोरच्या झाडांतून मादी बाहेर पडते, एवढी मोठी आणि एवढी बिनआवाजी की मला वाटतं झाडच सरकलं. तिच्या मागे पाडस. लांब पाय, तांबूस अंग, कान पुढे. मादी माझ्याकडे आडवी उभी राहिली. तिच्यावर गोळी घालणं सोपं होतं. पाडस तिच्या आड होतं. मी थांबले. मग पाडस दोन पावलं पुढे आलं आणि मी गोळी झाडली. ते थोडं चाललं आणि बर्चच्या बुंध्याशी गुडघ्यांवर बसलं, मग कुशीवर झालं. मादी तिथेच उभी. तिने मान वळवून बघितलं. मग निघून गेली, घाई न करता.

मी खाली उतरले. डोळे उघडे होते त्याचे. शेजारीण तिच्या जागेवरून आली, तिने फरच्या झाडाची छोटी डहाळी तोडली आणि त्याच्या तोंडात ठेवली, दातांमध्ये. तिच्याकडची रीत आहे, शेवटचा घास म्हणून. मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. तुझ्या ओठांवर तुळशीचं पान मीच ठेवलं होतं. म्होरक्याने टोपी काढून माझ्याशी हात मिळवला. संध्याकाळी मांसाचे सारखे वाटे घातले, एकाने भिंतीकडे तोंड केलं आणि दुसरा वाट्याला हात लावून विचारी, "हा कुणाचा?" आबांच्या गावी जत्रेत अगदी असेच वाटे घालायचे. माझा वाटा आम्ही गाडीतून घरी आणला.

एक गोष्ट मी शेजारणीशिवाय कुणाला सांगितलेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मादी परत आली होती. मी त्याच बाजूला होते. बर्चपाशी उभी राहून तिने जमीन हुंगली आणि एक बारीकसा आवाज काढला, तिच्या अंगाला न शोभणारा. पुन्हा काढला. मागं ऱ्हातंय ते रोज जातंय, हे तुझं वाक्य तिलाही लागू पडतं, हे मला तेव्हा कळलं. नियम कुणालाच वाचवत नाही. मागे कोण राहील, एवढंच ठरवतो. आणि मी म्हणते, ज्याला पेलवेल त्याने मागे राहावं. चार वर्षांच्या पोरीने नव्हे. यावर तुला माझ्याशी भांडायचं असेल तर भांड. मी माघार घेणार नाही.

संक्रांतीच्या कार्यक्रमात गोष्ट फुटली, म्हणजे मीच फोडली. यांनी कुणाला तरी फोटो दाखवला, नारिंगी टोपीतला, आणि पुरुषमंडळी जमली. "काय काकू, वाघीण निघालात. शिंगं केवढी होती?" सगळे खूश. मी हात पसरून दाखवले असते, तर आजपर्यंत त्यांची लाडकी असते. त्यांना मोठा नर हवा होता, मोठी शिंगं, सिनेमातल्यासारखा. सिस्टरांनी मला चुकीच्या देवाची गाणी शिकवली असतील, पण विचारलेल्याला खरं उत्तर द्यायलाही शिकवलं. मी म्हटलं, "शिंगं नव्हती. पाडस होतं." आणि का, तेही सांगितलं. कुणीतरी तिळगुळाचा डबा पुढे सरकवला. एक बाई म्हणाल्या, "शी. स्वतः आई असून?" मी म्हटलं, "आई असून म्हणूनच." ते कुणाला पटलं नाही. त्यानंतर महिनोन्महिने कुणी काही बोललं नाही, आणि आता श्रावण संपता संपता हा फोन.

मला राग त्यांचा येत नाही, तुझा येतो. हो, तुझा. या मुली माझ्या हातांचं जे करताहेत ते तू दर रविवारी पडवीत करत होतीस. वेगळी पळी, वेगळं पातेलं, नाकाला पदर. मला बघायला लावलंस आणि स्वतः रस्त्याकडे तोंड केलंस. मी खात न्हाई, म्हणालीस. पण शिजवत तर होतीस, आई. तुझ्याच मिठाची चव होती त्याला. तुझ्यासारख्या आयांकडूनच या मुली शिकल्या की शिवाशिव सांभाळली की झालं, हात कुठे धुतले एवढंच बघायचं. तू आज त्या सभागृहाच्या स्वयंपाकघरात असतीस, तर कदाचित तूच मला म्हणाली असतीस, "तू सरक. मी बघते." आणि मी सरकले नसते. ज्या हातांनी मी पाडस मारलं, त्याच हातांनी पाकळ्या काढीन. गणपतीला माझे हात ठाऊक आहेत. लपवलेले असते तर बाटले असते.

आज सकाळी मी ग्रुपवर लिहिलं. मी शिकार सोडलेली नाही. ऑक्टोबरात पुन्हा जाणार आहे. मोदक मी करावेत की नाही, ते तुम्ही ठरवा. डेकोरेशन मला जमत नाही. पाठवायच्या आधी तुझ्या जावयांनी वाचलं आणि म्हणाले, "थोडं गोड लिही." मी नाही लिहिलं. निळ्या खुणा भराभर उमटल्या, म्हणजे सगळ्यांनी वाचलं. सेक्रेटरीच्या नावापुढे दोनदा टायपिंग आलं आणि गेलं. आता दुपार कलली आहे आणि अजून कुणाचं काही नाही. मुलींपैकी एकीचंही नाही. त्यांनी नको म्हटलं, तरी मी शब्द बदलणार नाही. तुझीच मुलगी आहे.

हा कागद कुठे जायचा नाही. तुला वाचायला आवडलाही नसता, तू म्हणाली असतीस, केवढं बोलतीस. एवढंच सांगते आणि उठते. वरच्या खोलीत, लेकीच्या जुन्या पलंगावर, धुतलेल्या चादरीवर काल मी मोदकांच्या पिठीसाठी आंबेमोहोर पसरून ठेवला आहे, तीन पाण्यांनी धुऊन, सावलीत वाळायला. खिडकी थोडी उघडी ठेवली आहे. पलंग पुरला नाही, म्हणून उरलेला जमिनीवर पसरला. हे मघाशी वर जाऊन आले आणि दारातून म्हणाले, "अगं, आपण दोघंच आहोत. एवढ्या पिठीचं काय करणार?"

तांदूळ उलटायला मी वर जाते आहे.